कावडीचा खांदा

दहा-पंधरा वर्षांपूर्वी गाड्यांच्या इंजिनांवरून वाद घालण्यात मजा उरली नव्हती. डिझेल गाडी म्हटलं की स्विफ्ट घ्या, इंडिका व्हिस्टा घ्या नाहीतर पुंटो, बॉनेट उघडलं की आत तेच, फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं आणि मारुती परवाना घेऊन मानेसरला बनवायची. गाडीवेड्या मंडळींनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ असं नावच पाडलं होतं. इंजिन वाईट नव्हतं, उलट चांगलंच होतं. पण सगळ्या वर्गाने एकाच वहीवरून उतरवलेले निबंध तपासायला बसलेल्या मास्तरांची जी गत होते, ती माझ्यासारख्याची व्हायची. 2020 च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले आणि ते इंजिन नव्या गाड्यांतून गेलं.

पेट्रोलमध्ये आज बरंचसं तसंच चाललंय. तीन सिलिंडर, एक-सव्वा लिटर, टर्बो. चालवून पाहिलं तर फरक कळतो, नाही असं नाही, पण तो तिखट-मिठाचा फरक. वेगळेपण परत आलं ते हायब्रिडमुळे. एका गाडीत इंजिनही घातलं आणि मोटरही घातली की एक प्रश्न प्रत्येक कंपनीला आपापला सोडवावा लागतो. या दोघांना जोडायचं कसं? इंजिनाला एका ठरावीक वेगाने फिरायला आवडतं, तिथेच ते कमी पितं. चाकांना मात्र शून्यापासून शंभराच्या पुढेपर्यंत वाटेल त्या वेगाने फिरायचं असतं. दोघांचं पटत नाही. पूर्वी हे भांडण क्लच आणि गिअरबॉक्स मिटवायचे. मोटर आल्यावर घरात तिसरं माणूस आलं, आणि ते मध्यस्थ आहे की आणखी एक भांडखोर, हे ज्याच्या त्याच्या रचनेवर ठरतं. मी हायब्रिड गाडी ‘वाचतो’ ती या जागी.

‘माइल्ड हायब्रिड’ नावाचा प्रकार मी या वाचनात घेत नाही. मारुतीने 2015 मध्ये सियाझमध्ये एसएचव्हीएस म्हणून आणला तो. बेल्टवर बसवलेला स्टार्टर-जनरेटर इंजिनाला हातभार लावतो, पण त्याच्या एकट्याच्या बळावर गाडी इंचभर हलत नाही. हातभार लावणाऱ्याला भागीदार म्हणायचं असेल तर म्हणावं.

2022 मध्ये आपल्याकडे होंडाची सिटी ई-एचईव्ही आली, आणि काही महिन्यांनी टोयोटाची हायरायडर व तिचीच जुळी बहीण, मारुतीची ग्रँड व्हिटारा. (दोघींचा जन्म बंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यातला. म्हणजे राष्ट्रीय इंजिनाची सवय पुरती सुटलेली नाही.) होंडाने लिटरला 26.5 किलोमीटर सांगितले, टोयोटा-मारुतीने 27.97. ज्या एआरएआयचं नाव घेऊन आपण हे ‘ॲव्हरेज’ सांगतो ती संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, आणि चाचणी रोलरवर होते, खड्ड्यांवर नाही. आकडे इतके जवळजवळ आहेत की कुणालाही वाटावं, आत एकच यंत्र असणार. प्रत्यक्षात दोघांच्या आतल्या रचनेत नात्याचं म्हणावं असं फार थोडं आहे.

टोयोटाची रचना समजून घ्यायला मी पुस्तकं चाळली, आकृत्या पाहिल्या, आणि शेवटी जुन्या बाजारातून बॅटरीवर चालणारी जळकी ड्रिल मशीन आणली. दीडशे रुपये. ड्रिलच्या तोंडाशी, मोटर आणि चकच्या मध्ये, काडेपेटीएवढ्या जागेत प्लॅनेटरी गिअर असतो. मधोमध एक छोटं दातेरी चाक, तो सन गिअर. त्याच्याभोवती तीन चाकं, ते ग्रह, एका चकतीच्या खुंट्यांवर बसवलेले; ती चकती म्हणजे कॅरियर. आणि या सगळ्यांना कवेत घेणारं, आतल्या बाजूला दाते असलेलं कडं, ती रिंग. ड्रिलमध्ये रिंग खोबणीत पक्की बसवलेली असते. ती सोडवून मोकळी केली, ग्रीस पुसलं, आणि तिन्ही भाग बोटांनी फिरवत बसलो. रिंग धरून सूर्य फिरवला की कॅरियर हळू फिरतो. कॅरियर धरला की सूर्य एकीकडे, रिंग उलटीकडे. काहीच न धरता कॅरियर फिरवला, तर कधी रिंग पळते, कधी सूर्य. ज्याच्या बाजूला अडथळा कमी तो. या शेवटच्या खोडीवर टोयोटाची सगळी इमारत उभी आहे.

टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडमध्ये कॅरियरला इंजिन जोडलंय. सूर्याला एक मोटर-जनरेटर, जो बहुतेक वेळ जनरेटर असतो. रिंगला दुसरी, मोठी मोटर, आणि तिथूनच पुढे चाकं. बस्स. क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, पहिला-दुसरा-तिसरा नाही. रिव्हर्स गिअरही नाही. मागे जायचं असेल तर मोठी मोटर उलटी फिरते. वेगळा स्टार्टर नाही, सूर्याकडची मोटरच इंजिनाला गदागदा हलवून जागं करते. अल्टरनेटर नाही. 2009 च्या तिसऱ्या पिढीत तर इंजिनावर एकही पट्टा उरला नाही, पाण्याचा पंपसुद्धा विजेवर गेला.

आता दाते मोजू. पहिल्या तीन पिढ्यांत सूर्याला 30 आणि रिंगला 78. बेरीज 108. हे आकडे घेऊन कावड डोळ्यांसमोर आणा. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून चढणारी खांद्यावरची कावड. एक लांब दांडा, दोन टोकांना दोन हंडे. हंडे सारख्या वजनाचे नसतील तर माणूस दांड्याच्या मध्यावर खांदा देत नाही, जड हंड्याकडे सरकून देतो. टोयोटाच्या कावडीत खांदा म्हणजे इंजिन. जवळचा हंडा म्हणजे चाकं, लांबचा हंडा म्हणजे जनरेटर. खांद्यापासून चाकांचं टोक 30 मापं दूर, जनरेटरचं 78. त्यामुळे इंजिनाच्या जोराचे 72 टक्के थेट चाकांकडे आणि 28 टक्के जनरेटरकडे, असं वाटप कायमचं ठरून गेलं. संगणक बिघडला तरी ते बदलत नाही, कारण ते दात्यांत कोरलेलं आहे.

आणि लांबचा हंडा काढून घेतला तर? कावड उपडी होते. जनरेटरने विरोध करायचं सोडलं की इंजिन नुसतं गरगरतं, चाकांना कणभरही जोर पोचत नाही. या गाड्यांतला न्यूट्रल म्हणजे इतकंच आहे: हंडा सोडून द्यायचा. आपल्याकडे सिग्नलला गाडी थांबली की हात आपोआप न्यूट्रलकडे जातो, क्लचच्या गाड्यांवर शिकलेल्या प्रत्येकाचा जातो. इथे त्याने फायदा काही नाही. उलट न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही, कारण जनरेटरला कामावरून सोडलेलं असतं. जनरेटर जो ‘विरोध’ करतो, त्याच विरोधातून वीज होते, ती मोठ्या मोटरकडे जाते आणि मोटर ती पुन्हा चाकांना देते. म्हणजे 28 टक्के वाया गेले म्हणावं तर तेही वळसा घालून घरीच आले.

वेगाचं गणितही त्याच दांड्यावर दिसतं. जमिनीपासूनची उंची म्हणजे वेग समजा. गाडी उभी आहे, म्हणजे चाकांचा हंडा जमिनीला टेकलेला. इंजिन 1000 फेऱ्यांवर, म्हणजे खांदा 1000 वर. मग लांबचं टोक आपोआप 3600 वर जाणार, दांडा सरळ असतो म्हणून. आता उलटं करा. इंजिन बंद, खांदा शून्यावर. गाडी मोटरवर पळतेय, रिंग 2000 वर. लांबचं टोक जमिनीखाली 5200 पर्यंत जातं, म्हणजे जनरेटर तेवढ्या वेगाने उलटा फिरतो. गाडी आणखी पळवली तर तो सोसवेल त्यापलीकडे जाईल. म्हणून सुरुवातीच्या प्रियस नुसत्या विजेवर सत्तरीच्या आतच चालायच्या. पुढे गेलं की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन जागं व्हायचंच. पेट्रोलची गरज नव्हती, खांदा थोडा उचलायची गरज होती. गाडीच्या स्वभावातला असा एखादा विक्षेप दात्यांच्या संख्येपर्यंत मागे नेता येतो, तेव्हा मला भलताच आनंद होतो. घरचे म्हणतात, तुला आनंद व्हायला काहीही पुरतं.

मूळ कल्पना मात्र टोयोटाची नाही. टीआरडब्ल्यू या अमेरिकी कंपनीतल्या बर्मन, गेल्ब आणि रिचर्डसन या तिघांनी इंजिन आणि दोन मोटरा प्लॅनेटरी गिअरने जोडण्याचं पेटंट 1971 मध्येच मिळवलं होतं. टोयोटाने ती कल्पना रस्त्यावर आणली. ताकेशी उचियामादा यांच्याकडे काम सोपवलं तेव्हा ते मुख्य अभियंता म्हणून अगदी नवखे होते, त्यांचा हातखंडा आवाज आणि कंपनं कमी करण्यात. 1995 च्या नोव्हेंबरात पहिला नमुना तयार झाला, आणि 49 दिवस जागचा हलला नाही. हलला तेव्हा काही शे मीटर जाऊन थांबला. ज्या यंत्रात घसरायला क्लच नाही आणि बदलायला गिअर नाही, तिथे सगळा भार दोन मोटरांना क्षणाक्षणाला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवर येतो. ते चुकलं की कावड कलंडली. दोन वर्षांनी, 1997 च्या डिसेंबरमध्ये, क्योटोत हवामान परिषद भरली त्याच महिन्यात, प्रियस जपानी बाजारात आली.

कावडीला साजेसं इंजिन शोधलं तेही जुनंच. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने 1880 च्या दशकात असं चक्र बांधलं की ज्यात जळलेला वायू पसरायला, तो दाबला गेला त्यापेक्षा जास्त वाव मिळतो. त्याने त्यासाठी किचकट दांडे वापरले. आज तेच काम झडपेला थोडी वेळाने मिटायला सांगून होतं. पिस्टन वर येऊ लागला तरी आत घेणारी झडप उघडीच, त्यामुळे घेतलेल्यातलं थोडं मिश्रण परत मागे जातं. घास लहान, पण चावून चावून खाल्लेला. रसवंतीवर उसाचं कांडं दुमडून, लिंबू-आलं घालून तिसऱ्यांदा चरकात घालतात ना, चोथा कोरडा होईपर्यंत, तसा हा वायू पिळला जातो. किंमत मोजावी लागते ती ताकदीत. पहिल्या प्रियसचं दीड लिटरचं इंजिन 58 अश्वशक्तीचं होतं. त्याच घराण्यातलं साधं इंजिन शंभराच्या वर द्यायचं. असं इंजिन एकट्याने गाडीत बसवलं तर सिग्नल सुटल्यावर मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाव्या लागतील. विजेच्या मोटरला मात्र पहिल्या फेरीपासूनच जोर असतो. एकाचं जिथे लंगडं, तिथे दुसऱ्याचं बळकट. पुढे 2015 च्या चौथ्या पिढीत इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता 40 टक्क्यांवर गेली, म्हणजे पेट्रोलमधल्या उष्णतेच्या शंभरातले चाळीस भाग कामी आले. चीनच्या बीवायडीने 2024 मध्ये 46 टक्क्यांचा दावा केला. आकड्यांची शर्यत आता तिकडे गेलीय.

होंडाचा स्वभाव निराळा. टोयोटाने एक सूत्र धरलं आणि 1997 पासून तेच घासूनपुसून लख्ख करत आली. होंडाने खर्डे लिहिले आणि फाडले. 1999 च्या इनसाइटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पातळशी मोटर, नुसती मदतनीस. 2013 मध्ये फिटमध्ये सात गिअरचा दुहेरी क्लच आणि त्यात मोटर. ती गाडी जपानात वर्षभरात इतक्यांदा परत मागवावी लागली की कंपनीच्या वरिष्ठांनी स्वतःचे पगार कापून घेतले. त्याच वर्षी अकॉर्डमध्ये आलेला तिसरा खर्डा मात्र टिकला, आणि आपल्या सिटीत तोच आहे.

तो वाचायला अगदी सोपा आहे. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर मोटरला वीज देतो, मोटर चाकं फिरवते. इंजिनाचा आणि चाकांचा संबंध नाही. फक्त महामार्गावर, गाडी एका संथ वेगाला लागली की एक क्लच मिटतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, टॉप गिअरमध्ये असावं तसं. बाकी गिअर नाहीतच. टोयोटा प्रत्येक क्षणी वाटणी करते. होंडा निर्णय घेते. आत्ता मोटर, आत्ता इंजिन. शहरात त्यामुळे सिटी जवळजवळ विजेच्या गाडीसारखी वाटते आणि पाय दाबल्याचं उत्तर लगेच मिळतं. पण इंजिनाची ताकद आधी विजेत आणि मग पुन्हा ताकदीत बदलायची, तर दोन्ही नाक्यांवर टोल द्यावा लागतो. टोयोटात मोठा हिस्सा दात्यांतून सरळ जातो, टोल फक्त उरलेल्यावर.

निस्सानने 2016 च्या नोट ई-पॉवरमध्ये होंडाचा तो क्लचही काढून टाकला. इंजिन आयुष्यभर जनरेटरच फिरवणार, चाकांचं तोंड कधी पाहणार नाही. यात नवल वाटायचं कारण नाही, आपण सगळ्यांनी असा प्रवास केलाय. डिझेल रेल्वे इंजिनात हेच असतं. आत डिझेल इंजिन, त्यावर जनित्र, आणि चाकांच्या आसांवर विजेच्या मोटरा. पुढे कश्काईत निस्सानने जनरेटर फिरवायला दीड लिटरचं टर्बो इंजिन दिलं, ज्याचं कॉम्प्रेशन 8 पासून 14 पर्यंत चालता-चालता बदलतं. नुसत्या जनरेटरसाठी एवढा थाट! पाणी भरायला पैलवान ठेवल्यासारखं.

ह्युंदाईवर फार थांबायचं कारण नाही. साधाच सहा गिअरचा गिअरबॉक्स, आणि त्याच्या व इंजिनाच्या मध्ये मोटर. ज्यांना गिअर पडल्याचं जाणवायला हवं असतं त्यांच्यासाठी ती भाषा ओळखीची. 2019 च्या सोनाटात त्यांनी गिअर पडताना फेऱ्या जुळवायचं काम मोटरकडे दिलं, ही कल्पना चांगली.

या सगळ्यांत मला गोड वाटते ती रेनोची गोष्ट. निकोला फ्रेमो या त्यांच्या अभियंत्याने मुलाला लेगोच्या गिअरशी खेळताना पाहिलं आणि डोक्यातली नवी रचना तशाच गिअरनी घरी जोडली. ते खेळणं कंपनीत नेलं आणि साहेबांना पटलं. त्यातून 2020 च्या क्लिओमध्ये ई-टेक आलं. इंजिनाला चार गिअर, मोटरला दोन, आणि मध्ये क्लचही नाही, सिंक्रोमेशही नाही. गिअर एकमेकांत अडकतात ते चौकोनी दात्यांच्या डॉग क्लचने, जो रेसच्या गाड्यांत आणि मोटरसायकलींत असतो. असे दाते वेग जुळले नसताना अडकवले तर खडाडकन आवाज येतो. जुन्या ट्रकवर डबल क्लच मारायला शिकलेल्यांना तो चांगला माहीत आहे. इथे डबल क्लच मारणारा म्हणजे एक छोटी दुसरी मोटर. ती इंजिनाला बरोबर त्या फेऱ्यांवर आणून उभं करते, आणि दाते आवाज न करता बसतात. टोयोटाने गिअर संपवले, होंडाने टाळले. रेनोने गिअर ठेवले आणि ड्रायव्हरचं कसब मोटरला शिकवलं. यंत्र म्हणून किचकट, पण त्यात माणूस दिसतो.

टोयोटाची कावड मला सर्वांत देखणी वाटते हे एव्हाना लपलेलं नाही, पण तिचा दोषही त्याच दांड्यात आहे. खंबाटकीसारखा चढ लागला, गाडीत माणसं आणि सामान भरलं, पाय दाबला की इंजिन एकदम आवाज चढवतं आणि त्याच सुरावर थांबतं. गाडी मागाहून हळूहळू वेग घेते. खांदा आधी उचलला जातो, हंडा मागून वर येतो. गिअरच्या गाडीत आवाज आणि वेग हातात हात घालून चढतात, आपले कान त्यावर पोसलेले, म्हणून काहीतरी घसरतंय असं वाटतं. घसरत काहीच नसतं. होंडाला हीच अडचण येते, कारण चढावर तिचंही इंजिन चाकांपासून सुटलेलंच असतं; म्हणून होंडाने नव्या गाड्यांत इंजिनाचा आवाज गिअर पडल्यासारखा टप्प्याटप्प्याने चढवला. हे मला पसंत नाही. नसलेल्या गिअरचं नाटक करण्यापेक्षा टोयोटाचा एकसुरी आवाज बरा, तो खरं सांगतो. महामार्गावर रोज शंभर-दीडशे किलोमीटर करणाऱ्याने होंडाचा क्लच एकदा अनुभवून मग ठरवावं. शहरात आणि घाटात ज्याचं आयुष्य जातं त्याला मी दात्यांचीच बाजू घ्यायला सांगेन.

गाडी पाहायला जाल तेव्हा ॲव्हरेज विचारू नका, ते सेल्समन न विचारता सांगेल. रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करायला सांगा. स्क्रीनवरचे रंगीत बाण पाहू नका, कान द्या. इंजिन कधी जागं होतं, झोपतं तेव्हा धक्का बसतो का, चढावर आवाज आधी जातो की गाडी. सोबत कुणी वडीलधारे असतील तर थांबल्यावर ‘गाडी बंद पडली का रे?’ असं विचारतील, विचारू द्या. आणि सिग्नलला हात न्यूट्रलकडे गेला तर मागे घ्या, गाडी ‘डी’मध्येच राहू द्या.